पत्रे चढल्यावर

बॅजर कूली कॉलनी
९ मार्च

प्रिय टोबियास,

देवाची शांती तुझ्यावर असो, आणि पुढचं सगळं. ते तुला पाठ आहे आणि मी दमलोय, म्हणून कामाचं लिहितो.

फोन तू उचलत नाहीस. पत्ता अंडी न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याकडून मिळाला. तो म्हणाला, तुमचा भाऊ लेथब्रिजला लोखंडी इमारतींच्या कंपनीत नकाशे काढतो, आणि उन्हाळ्यात गुडघ्याच्या वर चड्डी घालून हिंडतो. नकाशांचं मी आईला सांगितलं. चड्डीचं सांगितलं नाही.

एका चुलीवर जेवणारी आपली कॉलनी आता फार मोठी झाली. जेवणघरात पोरांच्या दोन पंगती कराव्या लागतात आणि तरुणांना पुरेसं काम नाही. म्हणून फुटायचं ठरलंय. उत्तरेला, ट्रकने दोन तासांवर जमीन घेतली आहे. गवत आणि वारा, दुसरं काही नाही. दोन गट झालेत. एक जुन्या उपदेशकाचा, झाखारियास फेटरांचा, दुसरा नव्या उपदेशकाचा, योहानेसचा. मी, सॅना, मुलं आणि आई योहानेसच्या गटात आहोत. कुठला गट जाणार आणि कुठला इथे राहणार हे आपल्या रीतीप्रमाणे सगळं उभं झाल्यावर चिठ्ठीने ठरेल. तोवर दोघांनीही सामान बांधायचं आणि दोघांनी मिळून नवी जागा उभारायची.

बांधकामाचा कारभारी मला केलंय. म्हणजे आपण राहणार की नाही ते माहीत नसलेली घरं मी बांधायची. डारियस फेटर म्हणाले, यात देवाची योजना आहे, आपलं घर कुठलं ते माहीत नसलं की माणूस कामात चोरी करत नाही. ते अजून शेतीचे कारभारी आहेत आणि अजून प्रत्येक गोष्टीत देवाची योजना त्यांनाच आधी कळते.

घरं लाकडाचीच होतील, ती मला येतात. प्रश्न बाकीच्याचा आहे. यंत्रांचं शेड, जेवणघर, डुकरांचं कोठार, गवताचं छप्पर, हंसांचा आडोसा. विकणारे येतात आणि प्रत्येक जण आपल्याकडचा एकच नमुना सगळ्यांना चालतो म्हणतो. तुला कळतं. कुठे काय चालेल ते लिही. मला फक्त एवढंच विचारायचंय.

आईचे डोळे जाताहेत. डॉक्टर म्हणाला, मधलं जाईल, कडेचं राहील. हिवाळ्यापर्यंत किती उरेल ते सांगता येत नाही म्हणाला. ती रस्त्याकडच्या खिडकीत बसते. कोणी विचारलं तर तू कामाला गेलायस असं सांगते. नऊ वर्षं झाली, पण शब्द तोच आहे. इथे दुसरे काही पोरगे पळून गेले, त्यांच्या आया ‘पळून गेला’ म्हणतात. आपली म्हणत नाही. आता तिच्यासमोर कोणी हसतही नाही.

तुझा भाऊ,
एलियास


बॅजर कूली
६ एप्रिल

प्रिय टोबियास,

तुझा लिफाफा मिळाला. आत तीन कागद होते आणि तिन्हीवर मिळून एकही शब्द तुझा नव्हता. आकडे मात्र बरोबर आहेत, मी दोनदा तपासले. सॅनाने कागद उलटेपालटे करून पाहिले. म्हणाली, भाऊ आहे की गणिताचं पुस्तक?

मी समजलो ते असं. यंत्रांच्या शेडला जाड लोखंडी चौकटी, म्हणजे मध्ये एकही खांब येणार नाही आणि पेरणीयंत्र पंख पसरून आत वळेल. जेवणघर आणि प्रार्थनेची खोलीही तशाच चौकटींची, पण छपराखाली जाड अस्तर, नाहीतर आत चुली पेटल्या की पत्र्याला घाम येऊन सूपमध्ये टपकेल. गवताला मोठा खर्च नको. जमिनीत लाकडी खांब पुरायचे आणि वरून पत्रा, तीन बाजू बंद, वाऱ्याकडे पाठ. हंसांना पोकळ चौकोनी नळ्यांचा हलका आडोसा, ट्रॅक्टरने ओढून हलवता येईल असा. आणि डुकरांच्या कोठारावर तू छपराच्या लोखंडी कैचीवर काट मारली आहेस आणि लाकडाची काढली आहेस. कारण लिहिलं नाहीस. मी कोठारात जाऊन वास घेतला आणि कारण कळलं. तो वास लोखंड खातो.

कमानीचं गोल शेड तू कशालाच सुचवलं नाहीस.

आपलं जुनं अजून उभं आहे, अर्धं पिंप आडवं ठेवल्यासारखं. कुशीत तू कापलेलं दार बुजवलं आहे. ठिगळ चांगलं बसलं नाही, पाऊस आला की तिथेच गळतं. तिथे आता बटाट्याच्या पेट्या असतात. ट्रॅक्टर कोणी ठेवत नाही.

मला त्याविषयी काही लिहायचं नाही. डारियस फेटरांना मोठं दार हवं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कमानीच्या शेडला दार टोकालाच पाडायचं, कुशीत नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नाही, तुलाही नाही. बर्फ पडलं, कमान बसली, दोन ट्रॅक्टर गेले. रविवारी प्रार्थनेत तुला उभं केलं. तू उभा राहिलास आणि क्षमा मागायच्या ऐवजी चालत बाहेर गेलास. बाबा समोरच्या बाकावर होते. त्यांनी मान वळवली नाही. त्यांनी मान वळवली नाही एवढंच मला माहीत आहे. का वळवली नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आता सांगणार नाहीत.

त्यांच्या दफनाला रस्त्यावर एक पांढरा ट्रक थांबला होता. आईने पाहिला. तेव्हा तिला दिसत होतं.

एलियास


नवी जागा
२१ मे

प्रिय टोबियास,

या जागेला अजून नाव नाही. जो गट इथे येईल तो ठेवेल. पत्त्यात काय लिहायचं ते कळत नाही, म्हणून ‘नवी जागा’.

पाया ओतून झाला. आम्ही सोमवारी येतो, शनिवारी परत जातो. डबा बायका देतात, भाकरी आणि थंड बदक. तिसऱ्या दिवशी बदकाकडे बघवत नाही. दुपारी सगळे ट्रकच्या सावलीत सूर्यफुलाच्या बिया फोडत पडतात. बोलायला काही उरलेलं नसतं, सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा असतो आणि तो विचारायचा नाही असं ठरलंय.

खरं सांगायचं तर मला जुन्या जागीच राहायचंय. बाबांची कबर तिथे आहे. मला त्या विहिरीच्या पाण्याची सवय आहे. आणि आई. ती म्हणते, मी इथून हलले तर पोरगा येईल कुठे? त्याला नव्या जागेचा रस्ता माहीत नाही. मी म्हटलं, आई, नऊ वर्षं माहीत असलेल्या रस्त्याने तो आला नाही. हे बोलायला नको होतं. तिने तोंड फिरवलं, आणि मग मला कळलं की तोंड फिरवलेलं नाही. आता तिला समोरचा चेहरा दिसत नाही. मान वळवून कडेने बघावं लागतं. ती माझ्याकडे बघत होती, मला राग आलाय का ते.

डारियस फेटरांचीही तीच गत झाली. ते आईला भेटायला आले, आईने मान वळवली, ते पाच मिनिटांत उठले. सॅनाला म्हणाले, तुझ्या सासूबाई, राहेल बाझल, अजून मनात धरून आहेत. सॅनाने त्यांना खरं सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, राहू दे थोडे दिवस, माणसाला बरं असतं.

घरांचं एक केलंय. कोणतं घर कोणाला मिळेल माहीत नाही, म्हणून सगळ्या घरांना एकेक खिडकी रस्त्याकडे ठेवली. रस्ता पश्चिमेला आहे आणि वाराही. डारियस फेटर म्हणाले, सगळ्या गावाने थंडीत का कुडकुडायचं? मी म्हटलं, नकाशात तसंच आहे. नकाशात तसं नव्हतं.

ए.


नवी जागा
१८ जुलै

प्रिय टोबियास,

यंत्रांच्या शेडच्या चौकटी उभ्या राहिल्या. तू म्हणशील हे लिहायचं काय, रोज उभ्या राहतात. पण मी पहिल्यांदाच पाहिलं. क्रेनने दोन चौकटी उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये फुलीच्या, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या सळ्या टाकल्या, आणि मग बाकीच्या चौकटी त्या दोघींना धरून उभ्या राहिल्या, आंधळ्यांची रांग जशी पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवते तशी. बोल्ट सगळे हाताने लावले, आवळला एकही नाही. सगळं चढल्यावर ओळंबा सोडून सरळ करायचं, मग आवळायचं. पहिल्यांदाच आवळलं तर पुढचं भोक जुळत नाही. आपल्या लोकांना हे जड जातं. आपण बोल्ट दिसला की आवळतो.

तुझे कागद घडी घालून घालून फाटायला आलेत. पोरं आता विचारतात, हे कोणी काढलं? मी म्हणतो, टोबियास फेटरांनी. तुला फेटर म्हणतात आता, काका म्हणावं तसं. आपल्याकडे तिशी जवळ आली की म्हणायचंच, माणूस समोर असो नसो.

आता तू लांबून का होईना, या जागेचं प्रत्येक दार ओळखतोस. आईला हे सांगावं असं मनात आलं होतं. सांगितलं नाही. ऐकून ती निघायची तयारी करेल आणि चिठ्ठी राहायची निघेल.

पायाचं काम बरं झालंय. माझे गुडघे बरे नाहीत.

ए.


बॅजर कूली
४ सप्टेंबर

टोबियास,

शेड कललं आहे.

पडलं नाही. लांबीच्या अंगाने सगळ्या चौकटी पूर्वेकडे झुकल्यात, ओळंबा सोडला तर माझ्या पंजाएवढा फरक येतो. छपराला पत्रे नव्हते, भिंतीला नव्हते, नुसता सांगाडा होता. मी तेव्हा इथे आईला डॉक्टरकडे घेऊन आलो होतो. तिकडे डारियस फेटर होते. कापणीची यंत्रं आत घ्यायची म्हणून त्यांना मधल्या गाळ्यातून, दोन चौकटींच्या मधून, वाट हवी होती. तिथे फुलीच्या सळ्या होत्या. त्यांनी काढून ठेवल्या. काढून नीट ठेवल्या, तेल लावून. ते म्हणाले, सैल तर होत्या, वर्षभर नुसत्या लटकतात, भार कुठे घेतात? मग पश्चिमेचा वारा सुटला.

मला राग येईना. दमल्यावर राग यायलाही ताकद लागते. त्यांना मोठं दार हवं होतं, मागेही हवं होतं.

काल प्रार्थनेनंतर ते माझ्याजवळ आले. चेहरा पिठासारखा. म्हणाले, एलियास, हे सरळ होतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, कोणाला माहीत आहे? त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, त्याला विचार.

म्हणून विचारतोय. सांगाडा कशाने ओढायचा, किती ओढायचा, ओढताना कुठले बोल्ट सैल करायचे. वारा पुन्हा सुटण्याआधी कळलं तर बरं. शेड पडलं तर हिवाळ्यात यंत्रं बाहेर राहतील आणि वसंतात दोन्ही गटांना एकमेकांकडे बघवणार नाही. ज्या गटाची माणसं खाली असतील ते वेगळंच.

डॉक्टर म्हणाला, उजवा डोळा गेला. डाव्याची कड उरली आहे. तेही पत्रात लिहायचं होतं, पण ते काम नाही.

ए.


बॅजर कूली
२० सप्टेंबर

टोबियास,

डारियस फेटर काल परत आले. मी जुन्या गोल शेडमध्ये बटाट्याच्या पेट्या मोजत होतो, ते आत येऊन उभे राहिले. बुजवलेल्या दाराच्या ठिगळाशेजारीच.

“कंपनीचा माणूस आला होता,” ते म्हणाले.

मी विचारलं, कोणी बोलावला?

“मी नाही. आला. तारा, चेन-पुली सगळं घेऊन आला. दोन दिवस होता.”

“नाव काय त्याचं?”

“विचारलं नाही.” बी फोडून त्यांनी टरफल थुंकलं. “जेवायला बसवला. प्रार्थना आपल्या बोलीत म्हणाला, पूर्ण. कंपन्या आजकाल बरंच शिकवतात.”

मी पेट्या मोजायचं सोडलं. ते सांगत राहिले. त्या माणसाने चौकटींचे बोल्ट ढिले केले, पलीकडे आधी ओतलेल्या काँक्रिटला तारा बांधल्या आणि थोडं थोडं ओढत सांगाडा ओळंब्यात आणला. डारियस फेटरांना दोन दिवस ओळंब्याची दोरी धरून उभं केलं. हलू नका, एवढंच तो त्यांच्याशी बोलला. ते हलले नाहीत. मग त्याने फुलीच्या सळ्या काढल्या होत्या तिथे परत लावल्या नाहीत. शेजारच्या गाळ्यात लावल्या, छपरातल्याही तिकडे सरकवल्या, आणि मधला गाळा मोकळा ठेवला. दारासाठी.

“दार ठेवलं त्याने,” डारियस फेटर म्हणाले. “मी मागितलं नव्हतं.”

मग बराच वेळ टरफलं. शेवटी म्हणाले, त्याच्याकडे धड हातमोजे नव्हते, मी माझे दिले.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण टोबियास, तिथून लेथब्रिजला परतायचा रस्ता आपल्या फाटकावरून जातो. गुरुवारी दुपारी आई खिडकीत होती. मला म्हणाली, एक ट्रक आला, फाटकाशी हळू झाला आणि गेला. पांढरा होता का रे? मी म्हटलं, तिथे खड्डा आहे, सगळेच हळू करतात.

खड्डा गेल्या वर्षी बुजवला आहे. तिला आठवत नसावं असं मला वाटलं होतं.

तू तिच्यासाठी आला नाहीस, शेडसाठी आलास, हे मी समजू शकतो. शेड क्षमा मागायला लावत नाही. पण शेड तुझी वाटही बघत नव्हतं.

रात्रभर मनाशी भांडून सकाळी मी तिला सांगितलं. सगळं नाही. टोबी नव्या जागेवर आला होता, शेड सरळ करून गेला, एवढंच. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, जेवला का? मी म्हटलं, हो, बदक. ती म्हणाली, “मी सांगत होते ना. कामाला गेलाय.”

फाटकाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही.

एलियास


नवी जागा
१४ ऑक्टोबर

प्रिय टोबियास,

रविवारी संध्याकाळी प्रार्थनेनंतर चिठ्ठी झाली. झाखारियास फेटरांच्या टोपीत दोन कागद. त्यांनी एक उचलला आणि वाचला. ते राहणार, आम्ही जाणार. सॅना म्हणाली, चला, भांडी तर बांधलेलीच आहेत. मग तिने चेहरा एप्रनमध्ये घातला.

मी आईकडे गेलो. मनात सगळी वाक्यं जुळवून गेलो होतो. कबरीचं, विहिरीचं, डॉक्टर इकडूनही जवळ पडतो वगैरे. ती पलंगावर गाठोड्याशेजारी बसली होती. मी म्हटलं, आपण जाणार. तिने मान वळवली.

“तेच ना,” ती म्हणाली, “जिथे टोबी येऊन गेला?”

मी हो म्हटलं.

“मग इथे काय आहे. इथे तो कधी येणार नव्हता. इथे त्याला उभं केलं होतं.”

नऊ वर्षं मी समजत होतो की तिला फक्त तिकडचाच रस्ता माहीत आहे. बाबांच्या कबरीवर आम्ही पहाटे गेलो. तिने हाताने दगड चाचपला आणि त्यांना सांगितलं, मी पुढे जाते. जसं जेवणघरात जाताना सांगायची. मी तिचा हात धरला.

इथे उतरल्यावर घरात जायच्या आधी तिला शेड बघायचं होतं. तिच्या दृष्टीने बघायचं म्हणजे हात लावायचा. मी तिला सळ्यांपाशी नेलं. तिने एक सळी पकडली, हलवून पाहिली. तुझी कुठली म्हणून विचारलं. मी म्हटलं, सगळ्याच. तिने सगळ्यांना हात लावला. सॅना मागे उभी राहून म्हणाली, गाय विकत घेताना पण कोणी एवढं बघत नाही.

डारियस फेटर राहणाऱ्या गटात आहेत. आम्ही निघालो तेव्हा ते ट्रकपाशी आले, आईच्या दारापाशी. आईने मान वळवली. ते तसेच परत वळायला लागले. सॅनाने त्यांची बाही धरली आणि शेवटी सांगितलं, फेटर, ती तुमच्याकडे बघतेय. ते तिथेच उभे राहिले. या वेळी पाच मिनिटांत गेले नाहीत. काय बोलले ते मला इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

आता कामाचं. सळ्यांशेजारच्या खांबावर तू खडूने लिहून गेला आहेस, पत्रे चढल्यावर पुन्हा ताणायच्या. अक्षर तुझं आहे, बाबांसारखं. एवढ्या महिन्यांत तू लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मला पाठवलेलं नाही, खांबाला लिहिलेलं आहे, पण मी घेतलं.

पत्रे चढून झाले. भिंतीचे आणि छपराचे. सळ्या सैल पडल्यात, हाताने खेचल्या तर नट अर्धा फेरा फिरेल. मला ते येतं. पाना इथेच खिळ्याला टांगलेला आहे. योहानेस दोनदा विचारून गेला, कारभारी, ते कधी करणार? मी म्हटलं, कंपनीचा माणूस करेल, हमी त्यांची आहे.

वारा अजून सुटलेला नाही. पण सुटेल. आणि आईच्या डाव्या डोळ्याचं मी वर लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते मला माहीत नाही. काल तिने खिडकी आणि दार यांच्यात गल्लत केली.

पाना मी काढणार नाही.

तुझा भाऊ,
एलियास


(घराच्या दारावर, दोन खिळ्यांनी)

नवी जागा
मंगळवार, सकाळी

टोबियास,

तुझा कागद शनिवारी आला. ‘मंगळवारी येतो, सळ्या ताणायला.’ सॅनाने तो उलटापालटा केला आणि म्हणाली, बघ, गणिताचं पुस्तक बोललं.

मी इथे नाही. डुकरं आज येताहेत आणि डुकरांना उद्या या म्हणता येत नाही. खरं म्हणजे दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. पण सॅना म्हणाली, दाराशी एक माणूस उभा असला की दुसरा आत जात नाही, तू जा. म्हणून गेलो.

आधी शेडकडे गेलास तरी चालेल. पाना खिळ्यालाच आहे. पण मग परत इकडे ये.

साडेअकराला घंटा होईल. जेवणघर तुला सांगायला नको, तूच काढलंयस. पुरुषांच्या बाजूला आम्ही वयाच्या क्रमाने बसतो तसेच बसतो. पहिल्या दिवशी नव्या बाकांवर सगळे बसले तेव्हा पीटर वॉल्टर, जो तुझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे, तो तुझ्याहून थोडा मोठा असलेल्या आपल्या चुलतभावाला चिकटून बसला नाही. एक जागा सोडून बसला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती सुटलेलीच आहे. आज तिथे बस. सूप नूडल्सचं आहे. कोणी काही विचारणार नाही, तुला उभंही राहावं लागणार नाही.

आई डावीकडच्या खोलीत आहे, रस्त्याकडच्या खिडकीशी. ट्रकचा आवाज तिने ऐकला असेल, म्हणजे तू ही चिठ्ठी वाचत उभा आहेस हे तिला माहीत आहे. फार वेळ वाचू नकोस. ती फारसं बोलणार नाही. काम कसं चाललंय विचारेल, तेवढं सांग.

आणि एक. तू समोर गेलास की ती मान वळवेल, बाबांच्या अगदी उलट. तोंड फिरवलं समजून परत फिरू नकोस. उजेडाच्या बाजूला उभा राहा आणि हलू नकोस. ती तुझ्याकडे बघतेय.

ए.